पंखा गुरगुरतो, बॅटरी भरत नाही

वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

या खेपेला वाऱ्याची पत्रं जास्त आली. आषाढ लागला की येतातच. मी कराडला तीस वर्षं मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलं, त्यामुळे घरगुती पवनचक्की माझ्या लेखी उलटी चालवलेली मोटर. पहिलं पत्र पाटण तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं आहे. त्यांच्याशी दोनदा पत्रव्यवहार झाला. पुष्कळांच्या कामाचा आहे म्हणून दोन्ही पत्रं देतो.

प्रश्न : मिस्त्री, सप्रेम नमस्कार वि. वि. आमची वाडी पठारावर. समोरच्या सड्यावर मोठ्या पवनचक्क्या दिवसरात्र फिरतात, आणि आमची लाइट पावसाळ्यात चार-चार दिवस नसते. म्हणून तीन वर्षांपूर्वी २ मीटर व्यासाचा, तीन पात्यांचा, १२ व्होल्टचा पंखा घेतला. ९ मीटरच्या जीआय पाइपवर बसवलाय. पाइपला तळाशी बिजागरी आहे, आडवा पाडता येतो. खांबापासून घर ३० मीटर. खाली १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी.

यंदा ज्येष्ठापासून पंखा जड फिरतो. खांबाला कान लावला तर वरवंटा फिरवल्यासारखी गुरगुर ऐकू येते. वारं सुटलेलं असतानाही अँपिअरचा काटा दोनच्या वर जात नाही. तालुक्याहून इलेक्ट्रिशियन आणला. त्यानं पंख्याच्या तिन्ही वायरींना मीटरचा बझर लावला, सगळीकडे वाजला. म्हणाला, तिन्ही फेज शॉर्ट आहेत, कॉइल जळाली, उतरवून द्या, नऊ हजार होतील. मी स्वतः पंखा आणि बॅटरीच्या मधली पेटी उघडली. आत पत्र्यावर दोन चौकोनी काळे ब्रिज आहेत, केबीपीसी-३५१० लिहिलेले. एकाचे चारही कान जोडलेले, दुसऱ्याचा एक कान मोकळा. ती वायर तुटली असेल का? कुठे जोडू?

उत्तर : गुरुजी, नऊ हजार खिशातच ठेवा आणि मोकळ्या कानाला हात लावू नका.

कान मोकळा का, ते आधी सांगतो. पंख्यातून तीन वायरी येतात, तीन फेज. त्यांतली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. बॅटरीला एकाच दिशेची, डीसी लागते. ते काम ब्रिजमधले डायोड करतात, ते वीज एकाच दिशेनं जाऊ देतात. प्रत्येक फेजला दोन डायोड लागतात, एक प्लसकडे जाणारा, एक मायनसकडून येणारा. म्हणजे सहा. तुमच्या पेटीतल्या एकेका चौकोनी ब्रिजमध्ये चार डायोड असतात, दोहोंचे मिळून आठ. पहिल्या ब्रिजवर दोन फेज, दुसऱ्यावर एक, उरलेले दोन डायोड बसून खातात. मोकळा कान त्यांचा. जोडणाऱ्यानं चूक केलेली नाही, फक्त थोडी कंजूषी केली आहे. त्याकडे पुढे येऊ.

आता बझर. मोटरवाल्यांनीसुद्धा इथे फसावं अशी ही जागा आहे. या पंख्याची गुंडाळी जाड तारेची, मोजक्या वेढ्यांची असते. दोन फेजमधला रोध अर्धा ओहम, कधी त्याहून कमी. मीटरचा बझर पाच-पन्नास ओहमच्या आत काहीही आलं की वाजतो. त्यामुळे कोरी करकरीत कॉइल लावली तरी तिन्हीकडे वाजणारच. वाजला नसता तर काळजी. बझर वाजला म्हणून कॉइल जळाली म्हणणं म्हणजे नळाला पाणी आलं म्हणून पाइप फुटला म्हणण्यासारखं.

शिवाय त्यानं वायरी ब्रिजवरून सोडवल्या होत्या का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज, नाही. आतमध्ये तिन्ही फेज कॉइलमधून एकमेकांना जोडलेलेच असतात. त्यामुळे सहापैकी एकच डायोड शॉर्ट असला तरी वायरी जागेवर ठेवून मोजलं की तिन्ही फेज प्लसला शॉर्ट दिसतात. एक पोरगं खोड्या करतं आणि अख्ख्या वर्गाला उभं करतात, तसं. ते तुम्हाला मी काय सांगावं.

तर हे करा. वारं मंद असेल अशी सकाळ निवडा. आषाढात पठारावर अशी सकाळ मिळणं मुश्कील, पण पहाटे सहाच्या सुमारास पडतं थोडं. आधी बॅटरीची वायर काढा. मग पंख्याच्या तिन्ही वायरी ब्रिजवरून सोडवा आणि टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी धरा. जोराच्या वाऱ्यात या मोकळ्या टोकांवर चाळीस-पन्नास व्होल्टही येतात. ओल्या हातानं जाऊ नका.

आता वर बघा. वायरी सोडवल्याबरोबर पंखा हलका फिरायला लागला, गुरगुर थांबली, तर कॉइल शाबूत आहे. निम्मं निदान मीटरशिवाय झालं. मग कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवा. पंखा जड होईल. सोडा, हलका होईल. अशा तीन जोड्या होतात. तिन्हींत सारखाच जड झाला पाहिजे. एखाद्या जोडीत काहीच फरक पडला नाही तर एक फेज वाटेत तुटली आहे. तिन्ही टोकं एकत्र टेकवली तर पंखा जवळपास थांबेल. तुमच्या पेटीत ब्रेकचा स्विच असेल तर तो एवढंच करतो.

नंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच तीन जोड्या मोजा. वारं स्थिर नसतं, आकडे नाचतील. प्रत्येक जोडी तीन-तीनदा मोजा आणि साधारण सारखे आहेत का एवढंच बघा.

शेवटी ब्रिज. वायरी सोडवलेल्याच राहू द्या, प्लसचीही काढा, नाहीतर दोन्ही ब्रिज एकमेकांतून मोजले जातील. मीटर डायोडच्या खुणेवर न्या. ब्रिजचा जो कोपरा छाटलेला असतो आणि ज्याचा कान बाकीच्यांच्या आडवा असतो, तो प्लस. त्याच्या तिरक्या समोर मायनस. उरलेले दोन एसीचे. काळी पिन प्लसवर, लाल एकेका एसीच्या कानावर : ०.४५ ते ०.६ च्या दरम्यान आकडा यावा. पिना उलट्या केल्या की काहीच येऊ नये. मग लाल पिन मायनसवर आणि काळी एसीच्या कानांवर, पुन्हा तसंच. दोन्ही बाजूंनी शून्य दाखवणारा डायोड शॉर्ट. दोन्ही बाजूंनी काहीच न दाखवणारा तुटलेला. कागदावर लिहून पाठवा.

गुरुजींचं दुसरं पत्र : वायरी सोडवल्या आणि पंखा भिंगरीसारखा फिरला. सौ. म्हणाल्या, एवढंच होतं तर दोन महिने काय बघत बसलात! एसीचे आकडे ८.२, ८.०, ८.३. पहिल्या ब्रिजचा प्लसच्या बाजूचा एक डायोड दोन्हीकडून शून्य. बाकी सगळे ०.४७ ते ०.५२. म्हणजे डायोड गेला. नवा ब्रिज आणून बसवतो. पण तो गेला कशानं? वीज पडली नव्हती. एक सांगायचं राहिलं. ज्येष्ठात बॅटरी पाणी भरायला आणि चार्जिंगला खाली नेली होती. परत लावताना दोन्ही वायरी काळ्याच असल्यानं क्षणभर उलटसुलट झालं. मोठी ठिणगी उडाली. लगेच काढून सरळ जोडली.

उत्तर : गुरुजी, हे पहिल्याच पत्रात यायला हवं होतं. शाळेत पोरं काच फुटल्याचं सांगतात, चेंडू कुणाचा ते मागाहून कळतं. तुमचंही तेच झालं.

डायोड हा एकतर्फी दरवाजा. बॅटरी सरळ लावली की तो बंद राहतो. उलटी लावली की प्रत्येक फेजचे दोन्ही डायोड एका सरळ रांगेत उघडतात आणि बॅटरी त्यांच्यातून शॉर्ट होते. १५० एएचची बॅटरी त्या क्षणात शेकडो अँपिअर ओतते. ३५ अँपिअरचा डायोड किती तग धरणार? डायोड असा मेला की बहुधा तुटत नाही, आत वितळून शॉर्ट होतो. म्हणून पुढचं सगळं झालं. तुमचा प्लसकडचा एक डायोड आता नुसती तार झालाय. बाकीच्या दोन फेजचा करंट अर्ध्या वेळी बॅटरीकडे जाण्याऐवजी त्या तारेतून कॉइलमध्येच परत फिरतो आणि पंख्याला धरून ठेवतो. तोही फेरीत सारखा नाही, ठरावीक ठिकाणीच धरतो, म्हणून ती गुरगुर. उरलेल्या अर्ध्या वेळात जे जमतं ते तुमचे दोन अँपिअर. त्याच फेजचा दुसरा डायोडही गेला असता तर सरळ जोडल्यावरही बॅटरी शॉर्ट झाली असती आणि पेटीनं पेट घेतला असता. थोडक्यात वाचलात.

फ्यूजचा उल्लेख दोन्ही पत्रांत नाही. नसणारच, किंवा तिथे कुणीतरी वायरचा तुकडा पिळून बसवला असेल. बॅटरीच्या प्लसजवळ, वीतभर अंतरावर, ४० अँपिअरचा डीसीचा फ्यूज टाका. घरातली एसीची एमसीबी तिथे चालणार नाही, डीसीचा आर्क, म्हणजे सलग पेटत राहणारी ठिणगी, तिला तोडता येतोच असं नाही. आणि प्लसच्या वायरीला दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा. दोन रुपयांचं काम आहे, आजच करा.

ब्रिज एक आणू नका, तीन आणा. एका ब्रिजला एक फेज द्या, त्याचे एसीचे दोन्ही कान तारेनं जोडून त्यावर. तिन्हींचे प्लस एकत्र, मायनस एकत्र. म्हणजे प्रत्येक दिशेला दोन-दोन डायोड भार वाटून घेतात आणि बसून खाणारा कुणी राहत नाही. मघाशी कंजूषी म्हणालो ती ही. एक ब्रिज बाहेरच्या थाळीपेक्षा स्वस्त पडतो.

जुने ब्रिज पत्र्यावर आहेत असं तुम्ही लिहिलंत, तो पत्रा लोखंडी असेल तर काढा. एका वेळी दोन डायोडमधून करंट जातो आणि दोघे मिळून दीड ते दोन व्होल्ट खातात. १५ अँपिअरला ती २२ ते ३० वॅट उष्णता झाली. पंचवीस वॅटची सोल्डरिंगची डागणी बंद डब्यात तासन्‌तास चालू ठेवल्यासारखं आहे हे. अॅल्युमिनियमचा उभ्या पट्ट्यांचा जाड तुकडा (हीट सिंक) घ्या, ब्रिजखाली उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट पातळ लावा, बोल्ट घट्ट आवळा, आणि डब्याला खालून-वरून भोकं ठेवा. पाली आत जाऊ नयेत म्हणून जाळी. पाल दोन कानांवर आडवी होऊन मेलेली मी स्वतः काढली आहे.

कानांवर वायर पिळून गुंडाळू नका. लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, चेपून लावा. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो.

अजून एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. ३० मीटरची वायर कुठली आहे? घरातल्या वायरिंगमधली उरलेली २.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर तुमचा वारा तिथेच चाललाय. त्या तांब्याचा रोध किलोमीटरला साडेसात ओहमच्या आसपास. जायची ३० आणि यायची ३० मीटर धरली तर ०.४४ ओहम. १५ अँपिअरला साडेसहा व्होल्टच्या वर वाटेतच पडतात. बॅटरीत २१० वॅट जातात तेव्हा १०० वॅट वायर गरम करायला. १० चौरस मिलिमीटरची टाकलीत तर हेच नुकसान २५ वॅटवर येतं. नऊ हजार वाचलेत ना, ते इथे घाला.

ब्रिज बसवून झाला की आधी तिन्ही फेज शॉर्ट करून पंखा थांबवा, मग बॅटरी जोडा, मग शॉर्ट काढा. बॅटरी काढतानाही ब्रेक आधी, वायर मागाहून. वादळात मात्र एकदम ब्रेक मारू नका, वाऱ्याचा झोत ओसरेपर्यंत थांबा. भर वेगात शॉर्ट केला तर थांबण्याऐवजी कॉइल तापत राहते, आणि मग तो इलेक्ट्रिशियन खरा ठरेल.

राहिलं ते "१ किलोवॅट" लिहिलेलं लेबल, ज्याबद्दल तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला रागानं लिहिलंय. लेबल अगदीच खोटं नाही, अर्धवट आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते. तुमच्या २ मीटरच्या पंख्यानं वाऱ्यातली तीस टक्के ताकद पकडली असं धरलं तर सेकंदाला ४ मीटरच्या झुळकीत ३५ वॅट, ६ मीटरला १२० वॅट, आणि १२ मीटरला कुठे एक किलोवॅटच्या आसपास. १२ मीटर म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. त्या वाऱ्यात तुम्ही पंखा बघायला अंगणात उभे राहणार नाही, कौलं बघाल.

प्रश्न : देवगडला आमची कलमांची बाग आहे, बागेतल्या घरावर सोलर आणि शेजारी छोटा पंखा. सोलरचाच चार्ज कंट्रोलर पंख्यालाही जोडला, रेक्टिफायरच्या (एसीची डीसी करणाऱ्या ब्रिजच्या) पुढे. दोन कंट्रोलर जळाले. दुपारी खारे वारे सुटले की पंखा किंचाळतो. रेक्टिफायर चुकीचा जोडलाय का?

उत्तर : ताई, रेक्टिफायर बरोबर आहे, माणूस चुकीच्या कामाला लावलाय. बॅटरी भरली की सोलरचा कंट्रोलर पॅनेलची जोडणी तोडतो. पॅनेलला त्याचं काही नाही, ते उन्हात गप्प पडून राहतं. पंख्याचं तसं नाही. बैल चरकाला जुंपलेला असताना जू अचानक निसटलं तर तो उधळतो. पंख्यावरचा भार निघाला की तो मोकाट सुटतो, व्होल्ट चढत जातात, आणि १२-२४ व्होल्टसाठी बनवलेला कंट्रोलर जळतो. किंचाळणं ऐकू येतं ते हेच. तुमच्या देवगडला पवनचक्क्या उभारल्या गेल्या त्या उगाच नाही, वाऱ्याची ददात नाही, आणि म्हणूनच हे रोज दुपारी होणार.

पंख्याला असा कंट्रोलर हवा जो बॅटरी भरल्यावर तोडत नाही, जास्तीची वीज दुसरीकडे वळवतो. ती वळवायला डमी लोड, म्हणजे वीज नुसती जिरवणारा भार, लागतो. इथे लोक हमखास गिझरची जुनी कॉइल लावतात. ती २३० व्होल्टची, १५०० वॅटची असली तरी तिचा रोध ३५ ओहम. १४ व्होल्टवर तिच्यातून अर्धा अँपिअरही जात नाही. सहा वॅट. पंख्याला ते कळणारही नाही. ३०० वॅट जिरवायचे तर ०.७ ओहमच्या आसपास पाहिजे. २.७ ओहमचे, १०० वॅटचे, अॅल्युमिनियमच्या अंगाचे चार रेझिस्टर समांतर जोडा आणि लाकडापासून लांब, लोखंडी चौकटीवर बसवा. गाडीचे हेडलाइटचे बल्बही चालतात, पण बल्ब गुपचूप उडतो आणि पंखा पुन्हा मोकाट.

समुद्राकाठी लगवर हिरवा गंज चढतो. दर दिवाळीला आणि पावसाच्या आधी कानांवरून पॉलिश पेपर फिरवा, वर पेट्रोलियम जेलीचा हात द्या.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला आहे, साक्री तालुका. प्रोजेक्टसाठी पंखा बनवतोय. (१) तीन फेजच्या वायरी ब्रिजला कुठल्या क्रमानं लावायच्या? (२) गाडीचा अल्टरनेटर चालेल का? त्यात रेक्टिफायर आतच असतो. (३) नव्या ब्रिजच्या प्लस-मायनसमध्ये मीटर एका बाजूनं ०.९८ दाखवतो. खराब आलाय का?

उत्तर : क्रम कुठलाही. मोटर उलटी फिरेल ही भीती मोटरला, ब्रिजला नाही. त्याला फक्त प्लस-मायनस कळतं.

अल्टरनेटरमध्ये तुझे सहा डायोड आतच आहेत हे खरं. पूर्वी जुन्या फियाट-अँबॅसिडरला डायनामो असायचा. त्याला डायोड नसत, म्हणून बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होऊ नये यासाठी कटआउट नावाची एक टकटक करणारी रिले बसवलेली असे. डायोड आले आणि ती पेटी गेली. पण तुझी अडचण फेऱ्यांची आहे. गाडीचा अल्टरनेटर हजार-दीड हजार फेऱ्यांच्या पुढे चार्जिंगला लागतो, आणि २ मीटरचा पंखा चांगल्या वाऱ्यात मिनिटाला साडेतीनशे फेरे घेतो. वर त्याच्या फील्डला, म्हणजे चुंबकाचं काम करणाऱ्या कॉइलला, बॅटरीतूनच करंट द्यावा लागतो. पट्टा-पुली लावून फेरे वाढवशील, पण मंद वाऱ्यात पंखा जागचा हलणार नाही. कायमच्या मॅग्नेटचा जनरेटरच कर.

०.९८ बरोबर आहे. त्या वाटेत दोन डायोड एकामागे एक असतात, दोघांचे अर्धे-अर्धे. लाव तो ब्रिज.